गव्याने बोलावलेल्या दोन सभा

जंगलातले राजे संपले आणि अध्यक्ष निवडले जाऊ लागले, तेव्हाची ही गोष्ट. एका संध्याकाळी वाटेवर साळिंदराचा फुललेला काटा लागून खारीच्या पिल्लाचा डोळा गेला. खार रडत अध्यक्ष गव्याकडे गेली.

"वाटेवर काटे फुलवायला बंदीच घालतो," गवा म्हणाला आणि त्याने भर दुपारी सभा बोलावली. साळिंदरं बिळात झोपली होती. "ती नसताना ठरवणं बरं दिसत नाही," म्हणत गव्याने सभा मोडली.

पुढची सभा त्याने मध्यरात्री बोलावली. या वेळी खारी झोपेत होत्या. "ज्यांची तक्रार, त्यांनाच यायला वेळ नाही!" गवा हळहळला आणि त्याने तीही सभा मोडली.

निवडणुकीत गवा पुन्हा जिंकला.

एका तिन्हीसांजेला खार झाडाकडे परतत होती आणि साळिंदर बिळाबाहेर येत होतं.

"साळिंदरभाऊ, अध्यक्ष नक्की कुणाच्या बाजूचे हो?"

"आमच्या! काट्यांवरची बंदी त्यांनीच तर अडवली."

"अहो, बंदी आणणार होते तेही तेच!"

खारीने मावळत्या उजेडाकडे पाहिलं.

मग खार हळूच म्हणाली, "आत्ता आपण दोघंही जागे आहोत. मग सभा या वेळेला का नाही हो भरत?"