रिकाम्या गाडीचं ओझं

बैल बोलायचे, त्या काळची ही गोष्ट. पाखऱ्या नावाचा म्हातारा बैल गाडी ओढून पार थकला होता. गाडीचा लोखंडी आस आणि चाकातलं लोखंडी कडं वाटभर एकमेकांना घासत भांडायची.

"जरा सरक की!" कडं ओरडे.

"मी का सरकू? मी आधीपासून इथं आहे," आस फिस्कारे.

ती करकर ऐकवेना, तेव्हा गाडीवानाने वंगण घालायचं सोडून, ती झाकायला पाखऱ्याच्या गळ्यात मोठी घुंगरमाळ बांधली.

बाजारात पोती उतरली. रिकामी गाडी घराकडे निघाली, तरी पाखऱ्याच्या तोंडाला फेस आला.

"आता कसलं रे ओझं?" आसाने विचारलं.

"तुम्ही दोघं घासून तापलात ना, त्यात गेली ती माझीच ताकद," पाखऱ्या धापा टाकत म्हणाला. "पोती उतरली बाबा. तुमचं भांडण अजून मीच ओढतोय."