घडवणाऱ्यानं दिलेला चेहरा

घड्याळ विकलं तरी त्याचा चेहरा, म्हणजे डायल, आपल्याच मालकीचा, असं समजणारे दामोदर टिपरे नावाचे एक कारखानदार होते. त्यांच्या स्मार्टवॉचवरचे आकडे इतके नाजूक, की म्हाताऱ्यांना औषधाची वेळसुद्धा दिसेना. म्हणून इचलकरंजीच्या वैजयंती मगदूमनं ठळक मराठी आकड्यांचा डायल बनवला आणि सगळ्यांना फुकट दिला. टिपऱ्यांनी पुढच्याच अपडेटमध्ये तो बंद पाडला.

कंपनीच्या ग्राहक मेळाव्यात तिनं जाब विचारला. मंचावरच्या दिव्यांखाली घामाघूम झालेले टिपरे गुरगुरले, "बाई, ज्यानं घडवलं त्यानं दिलेला चेहराच शोभतो. त्यावर रंगरंगोटी करणारे तुम्ही कोण?"

"पटलं," वैजयंती म्हणाली. "आता एवढंच सांगा साहेब, ज्यानं तुम्हाला घडवलं त्यानं या वयात पांढरे केस दिले असतील ना? त्यांवर कलप फासताना त्याची परवानगी घेतली होती का?"

सभागृह खो खो हसलं. साहेबांनी घाईघाईनं कपाळ पुसलं, तर पांढरा रुमाल काळा झाला.

आठवड्याभरात डायलवरची बंदी उठली. कलप मात्र अजून आहे. चेहरा स्वतःचा असला, की साहेबांना रंगरंगोटी चालते.