दोन तारे, कधी तीन

“चाचा, हा ताऱ्यांचा गुच्छ आकाशात नक्की आहे ना?”

मकरंदने हे तिसऱ्यांदा विचारलं. समोर त्याची नवी दुर्बीण उभी होती. तिचा बारा इंची आरसा त्याने स्वतःच्या हाताने दीड वर्ष घासला होता. पठारावर ती चढवायला दोन माणसं लागली. दस्तगीरचाचांनी ती पाहून विचारलं होतं, ही पाण्याची टाकी कुठल्या वस्तीसाठी?

चाचा चष्म्याच्या काचा घासायचे आणि दर शनिवारी पठारावर लोकांना आकाश दाखवायचे. त्यांचा एक रिवाज होता. ज्याला लोकांना आकाश दाखवायचं असेल, त्याने आधी चाचा सांगतील ते चाचांना दाखवायचं. मकरंदला त्यांनी अरुंधती केश सांगितला होता, विरळ ताऱ्यांचा एक गुच्छ.

उद्या शनिवार होता. आणि गुच्छ काही सापडत नव्हता.

“किती तारे दिसतात?”

“दोन. कधी तीन.”

“मग जागा बरोबर आहे.”

“पण गुच्छ कुठाय?”

“तू त्याच्या आत शिरलायस. एवढ्या मोठ्या नळीत आकाशाचा चिमूटभर तुकडाच मावतो.”

मकरंद म्हणाला, आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, बदलतो, आणखी मोठं करून बघतो.

चाचा हसले आणि उठले. मोठ्या नळीच्या पाठीवर नेम धरण्यासाठी मनगटाएवढी एक दुर्बीण बसवलेली होती. त्यांनी तिचे स्क्रू सैल केले, ती काढली, सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि मकरंदच्या हातात दिली.

ही तर नुसती नेम धरायची, मकरंद म्हणाला. चाचांनी खांदे धरून त्याला फक्त त्या ताऱ्यांकडे वळवलं.

मकरंदने डोळा लावला.

…

मग तो हळू आवाजात तारे मोजू लागला. सतरापर्यंत गेला आणि पुढे मोजायचं विसरला.

“चाचा… बघा.”

चाचांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं, जणू पहिल्यांदाच पाहत होते.

मकरंदची नजर मोठ्या दुर्बिणीकडे गेली.

“मग दीड वर्ष मी काय घासत बसलो?”

चाचांनी त्याचा हात हातात घेतला. बोटांवरचे घट्टे अंगठ्याने एकेक चाचपले.

“उद्या दुर्बीण नाही आणलीस तरी चालेल, बेटा. तू मात्र ये.”