ओल्या वाळूतली पेटी

खूप खूप वर्षांमागे, गावोगावी राजे होते आणि राजांनाही चोरांची भीती वाटायची, त्या काळची ही गोष्ट आहे. घाटमाथ्यावरच्या एका राज्यात एक कुलूपवाला राहत होता. राजाच्या खजिन्याला त्याच्याच हातचं कुलूप होतं आणि ते कधी कुणाला फोडता आलं नव्हतं.

आता कुलूप करणाऱ्याला दिवसभर चोराच्याच डोक्यानं विचार करावा लागतो. हा कसा उघडेल, तो कुठून पटाशी घालेल, असं मनात घोळवत घोळवत त्याला ती सवयच जडली. दुकान बंद झालं तरी सवय बंद होईना. घरात दुभत्याच्या कपाटाला कुलूप, लोणच्याच्या बरणीला कुलूप. शेजारीण विरजण मागायला आली तर हा विचारायचा, "आजच कसं काय संपलं?" बिचारी पुढच्या वेळी दुसऱ्या आळीत जायची.

त्याची बायको समुद्रकाठची होती. दरवर्षी ती म्हणायची, "एकदा माहेरी जाऊन येते. समुद्र बघून फार दिवस झाले." त्याला वाटायचं, हिला तिथं एवढं काय आहे? कोण आहे? आणि तो काहीतरी कारण काढायचा.

एकदा तिचा भाऊ सुके बांगडे आणि नारळ घेऊन बहिणीला भेटायला आला. कुलूपवाल्यानं त्याला जेवू घातलं, ओसरीवर अंथरूण दिलं आणि मग आतल्या सगळ्या दारांना एकेक करून कुलपं लावली. तो आवाज ओसरीवर ऐकू येत होता. भाऊ पहाटेच न सांगता निघून गेला, तो पुन्हा आला नाही. बायकोनंही मग माहेरचं नाव काढणं सोडलं.

काही वर्षांनी ती आजारी पडली. जाण्याआधी तिनं नाकातली नथ काढून नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. म्हणाली, "मला नाही नेलंत. हिला तरी न्या. आमच्याकडच्या खडकावरच्या देवीला वाहा. तुमच्या हातानं वाहा."

कुलूपवाल्यानं मान हलवली. तो वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो आहे. बायको गेल्यावर दुकानाचं दार लावून तो पोटभर रडला. मग त्यानं नथीसाठी पितळेची चिमुकली पेटी केली आणि तिला असं कुलूप घातलं की तसं खजिन्यालाही नव्हतं. मात्र तिच्या माहेरी त्यानं निरोप धाडला नाही. निरोप्या वाटेत कुणाकुणाला सांगेल आणि सोन्याचा वास कुणाकुणाला लागेल, याचा काय भरवसा?

पेटी कमरेला बांधून तो घाट उतरला. त्यानं मनाशी ठरवलं होतं की अर्ध्या दिवसात काम उरकायचं आणि सासुरवाडीला पत्ता लागायच्या आत माघारी फिरायचं.

त्या किनाऱ्यावर ओळीनं तीन देवळं होती. टेकाडावर गणपती, खाडीच्या तोंडाशी महादेव आणि समुद्रातल्या खडकावर देवी. देवीकडे जायची वाट पाण्याखाली असायची. ओहोटीला ती उघडी पडायची, भरतीला बुडायची. म्हणून नवखे लोक बरोबर वाटाड्या घेत. सकाळी बंदरावर असाच एक वाटाड्या त्याला भेटला. मध्यम वयाचा, मोठ्यानं हसणारा आणि तोंडाला जराही विश्रांती न देणारा.

"एकटे येतलास, की मेळ्यावांगडा?" वाटाड्यानं विचारलं. पलीकडे यात्रेकरूंचा मेळा निघायच्या तयारीत होता.

"मेळ्यात नको," कुलूपवाला म्हणाला. "मेळ्यात हात फार असतात. मी एकटा आणि तुम्ही एकटे. देवीला नथ वाहायची आहे आणि दुपारी परतायचं आहे."

वाटाड्याचं हसू मावळलं. "नथ कोणाची?"

"माझ्या घरातली. वारली ती."

"माहेर खयचा?"

सांगू नये असं त्याला वाटलं, पण शब्द निघून गेला. "इथलंच. तांडेलांच्या घरची."

वाटाड्यानं देवीच्या खडकाकडे बघून हात जोडले. मग म्हणाला, "चला."

"आणि तुमचं काय द्यायचं ते आधी ठरवू."

"ह्या वाटेचा आमी काय घेणव नाय."

कुलूपवाल्यानं कान टवकारले. काही न घेता कोण कुणाबरोबर अर्धा दिवस चालतो? जो हातात घेत नाही तो घरात शिरून घेतो, हे त्याला धंद्यानं शिकवलं होतं. त्यानं कमरेवरचा हात जास्तच घट्ट केला.

गणपतीच्या टेकाडावर वाटाड्याला पुन्हा कंठ फुटला. हा गणपती समुद्राकडे तोंड करून का बसलाय, तर पूर्वी म्हणे कोळ्यांनी त्याला आपल्या होड्या मोजायला बसवलं, आणि तो मोजता मोजता पेंगला की एक होडी वाट चुकते. एरवी कुलूपवाल्याला ही गोष्ट आवडली असती. पण त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. पायऱ्यांवर एक कोळीण टोपली घेऊन बसली होती. वाटाड्या तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला. तिनं चमकून कुलूपवाल्याकडे पाहिलं, पदर तोंडावर दाबला, आणि मासळीची टोपली तिथंच टाकून धावत सुटली.

'झालं,' कुलूपवाला मनात म्हणाला. 'खबर गेली.'

महादेवाच्या देवळाशी तेच. वाटाड्यानं गुरवाला बाजूला घेतलं. गुरवानं कुलूपवाल्याच्या कमरेकडे पाहिलं, हात जोडले आणि देऊळ उघडंच टाकून लगबगीनं किनाऱ्यानं निघून गेला. भर सकाळी देव उघडा टाकून गुरव कुठं निघाला?

"पेटी सांभाळा हां," वाटाड्या म्हणाला. "फुडे शेवाळ असा, पाय घसारता. नायतर माज्याकडे द्या, मी धरतंय."

कुलूपवाला दोन पावलं मागं सरला. पेटीचा शब्दही त्यानं काढला नव्हता! खरं तर सकाळपासून कमरेवरचा हात त्यानं एकदाही काढला नव्हता, तेव्हा तिथं काहीतरी आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण हे त्याच्या ध्यानात कसं यावं?

त्यानं समोर पाहिलं. दूर खडकावर देवीचं देऊळ दिसत होतं आणि देवळाभोवती माणसं जमत होती. एकामागून एक येत होती आणि गप्प उभी राहत होती.

"ती कोण?" त्यानं विचारलं.

"आपलीच माणसा," वाटाड्या म्हणाला आणि त्यानं घाईनं विषय बदलला. "मी तीर्थ घेवन येतंय. मगे लगेच चला. पाणी वळायच्या आत परतूक व्हया." असं म्हणून तो गाभाऱ्यात गेला.

कुलूपवाला बाहेर एकटा उरला. आपली म्हणजे कुणाची? ही नथ म्हणजे त्याच्या बायकोची शेवटची इच्छा होती. ती या टोळीच्या हाती पडली तर मेल्यावर तिला काय तोंड दाखवणार? त्यानं चटकन ठरवलं. पेटी इथंच लपवायची, रिकाम्या हातानं पुढं जाऊन माणसं बघायची. भली निघाली तर परत येऊन पेटी न्यायची.

तो वाळूवर उतरला. आधी वरच्या कोरड्या वाळूत खड्डा खणला, पण वाळू ढासळून खड्डा आपोआप बुजे. असल्या बेभरवशाच्या जागी कोण ठेवणार? तो खाली पाण्याच्या बाजूला गेला. तिथली वाळू ओली, घट्ट, मळलेल्या कणकेसारखी होती. खणली तशी राहिली. ही जागा त्याच्या मनास आली. शेजारीच एक भलीमोठी होडी कलंडून पडली होती. दहा माणसांना हलायची नाही अशी. होडीच्या टोकाखाली त्यानं पेटी पुरली, वाळू सारखी केली आणि खूण पक्की लक्षात ठेवली. घाटावर जमीन जिथल्या तिथं राहते आणि जड वस्तू रात्रीतून जागा सोडत नाहीत. इथंही तसंच असणार, यात त्याला शंका वाटली नाही. सकाळपासून ज्याबद्दल शंका वाटली नाही अशी ही एवढीच गोष्ट होती.

वाटाड्या तीर्थ घेऊन आला तेव्हा कुलूपवाला पूर्वीसारखाच कमरेवर हात ठेवून उभा होता.

पुढची वाट खडकांतून होती. वाटाड्या झपझप चालायचा, वळून हाक मारायचा, "येवा, पावणेनू, बेगीन येवा!" तो जितकी घाई करी, तितका कुलूपवाला रेंगाळे. वाटाड्या थांबला की हाही थांबे. देवळाजवळ आल्यावर तर तो एका मोठ्या खडकाआड दडला आणि कुणाच्या हातात काय आहे हे कितीतरी वेळ बघत राहिला. हातात कुणाच्याच काही हत्यार नव्हतं. बहुतेक बायकाच होत्या, तरण्या आणि म्हाताऱ्या, आणि मागे तो गुरव आणि चार-दोन पुरुष. एका वृद्धेच्या हातात सुपात तांदूळ, नारळ आणि हिरवं लुगडं होतं.

अखेर तो पुढं गेला. वाटाड्यानं त्याच्यापुढं हात जोडले.

"आता सांगूक हरकत नाय," तो म्हणाला. "आमच्या गावचा चेडू, म्हणजे आमची लेक, परमुलखात वारला, तर तिची नथ हय येता. नथ म्हणजे ताच चेडू. माहेरची माणसा तिका घेवक येतत. नथ देवीच्या पायार पडापर्यंत कोणी रडाचा नाय, तिचा नाव घेवचा नाय, आणि वाटेत नथ आणणाऱ्याकडे तिचो विषय काढूचो नाय. त्याका वाट जड होता. म्हणान मी गप होतंय."

वृद्धा पुढं आली. जो भाऊ एकदा ओसरीवर झोपून पहाटे निघून गेला होता, त्याची ती बायको. तिच्याशेजारी ती कोळीण उभी होती, पदर अजून तोंडावर दाबलेला. लहानपणी ती आणि कुलूपवाल्याची बायको एकाच होडीत खेळलेल्या.

वृद्धेनं कुलूपवाल्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "जावयबापू, आमचा चेडू खय असा?"

कुलूपवाला मागं वळला आणि आल्या वाटेनं धावत सुटला.

समुद्र वळला होता. खडकांच्या फटींतून पाणी घुसत होतं. तो महादेवाशी पोचला तेव्हा मघाची वाळू कुठंच दिसत नव्हती. जिकडेतिकडे पाणी होतं, आणि दहा माणसांना न हलणारी ती होडी पाण्यावर डुलत, दोराभोवती फिरत, भलतीकडेच तोंड करून उभी होती.

"होडीखाली!" तो ओरडला. "मी होडीखाली ठेवली होती!"

तो गुडघाभर पाण्यात शिरून दोन्ही हातांनी वाळू उपसू लागला. त्याच्यामागून वाटाड्या शिरला. मग गुरव, कोळीण, बायका, सगळीच माणसं शिरली. कुणी त्याला शिवी दिली नाही, इथं का पुरलीस म्हणून विचारलं नाही. सकाळपासून ज्यांना तो चोर समजत होता त्या सगळ्यांचे हात पाण्याखाली त्याची पेटी शोधत होते. पाणी छातीला लागलं तेव्हा वाटाड्यानं त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं.

पुढच्या ओहोटीला सगळा गाव पुन्हा उतरला. पेटी सापडली नाही. त्यानंतरच्या ओहोटीलाही नाही.

वृद्धेनं सुपातलं हिरवं लुगडं कुलूपवाल्याच्या भिजल्या खांद्यांवर टाकलं. तो म्हणाला, "लग्नात आम्ही तिचं नाव बदललं. आधीचं काय होतं, मी कधी विचारलंच नाही. एवढं तरी सांगा."

तिचे ओठ हलले, पण तिनं ते मिटून घेतले. "नथ इल्याशिवाय सांगूक येणा नाय रे, बाबा," ती म्हणाली. त्या दिवशी गावातली एकही बाई रडली नाही आणि कुणीही ते नाव उच्चारलं नाही. कोरड्या डोळ्यांनी सगळ्या घरी गेल्या.

कुलूपवाला घाट चढून घरी आला आणि त्यानं लोणच्याच्या बरणीपासून सगळी कुलपं काढून टाकली. पण आता त्या दारांतून यायला कुणी उरलं नव्हतं. तो दरवर्षी समुद्रावर जायचा, वाटाड्याच्या घरी उतरायचा आणि ओहोटीला वाळू उकरायचा. मरेपर्यंत त्याला बायकोचं माहेरचं नाव कळलं नाही. पेटी अजून समुद्राच्या पोटात आहे, आणि कुलूप इतकं चांगलं होतं की ते आजही उघडलं नसेल.

म्हणून मुलांनो आणि थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: जो सगळ्यांपासून राखायला जातो, तो आपल्या माणसांनाही मुकतो आणि राखलेल्या वस्तूलाही.