वारुळावरची छत्री

फार जुनी गोष्ट आहे. माळावरच्या एका वारुळात वाळवीची राणी राज्य करत होती. वाळवीला कोरडं लाकूड पचत नसे, म्हणून तिनं तळाशी एक पांढरी बुरशी पाळली होती. कामकरी वाळव्या लाकडाचा चोथा आणून टाकत, बुरशी तो मऊ करी आणि सगळं वारूळ पोटभर जेवे.

बुरशीला एकदा तरी उघड्यावर छत्री उघडून आपलं बी वाऱ्यावर सोडायचं होतं. पण तिनं कोंब वर काढला, की राणीच्या हुकमानं तो कुरतडला जाई.

एका श्रावणात तिचे सगळेच कोंब छाटले गेले, तेव्हा ती भडकली. "आजपासून माझं काम बंद!"

"आम्ही तुला निवारा दिला," राणी कडाडली. "उपाशी मरशील!"

"मरेन. पण राणीसाहेब, तुम्हीही पंख फुटल्यावर आईचं वारूळ सोडून उडालात. तेव्हा तुमचे पंख कुणी कुरतडले होते का?"

लाकूड तसंच पडून राहिलं आणि पिल्लं भुकेनं कळवळू लागली. बुरशीला नवा कोंब फुटताच राणीनं पुन्हा छाटणीचा हुकूम सोडला, पण या खेपेला एकही कामकरी वाळवी जागची हलली नाही. उलट त्यांनी माती पोखरून कोंबाला वाट करून दिली.

सकाळी वारुळाच्या माथ्यावर पांढरीशुभ्र छत्री उघडली.

"आता तरी कामाला लागशील ना?" राणीनं खालून विचारलं.

"लागेन की," बुरशी म्हणाली. "पण दर श्रावणात मी वर येणार, आणि तेव्हा तुम्हाला विचारणार नाही."