फुगलेल्या दाराचं कपाट

चूक सगळी कपाटाची होती, हे आधीच सांगितलेलं बरं. म्हातारं होतं म्हणून त्याला सोडायचं काही कारण नाही.

तुमचे आईबाप दुसरीत होते तेव्हाची गोष्ट. एका शाळेत गोष्टींच्या पुस्तकांचं आंब्याच्या लाकडाचं कपाट होतं. शाळा सुटली की चौथीतली वेणू घरी वाचायला पुस्तक न्यावं म्हणून त्याची कडी ओढी. कपाट लगेच अंग फुगवून दार घट्ट धरून ठेवी.

"सोडा ना आजोबा," आतलं माकडांच्या गोष्टींचं पुस्तक म्हणे, "एकदा तरी जाऊ द्या तिच्या घरी."

"आणि येशील चटणीचे डाग घेऊन! तपासणीला साहेब येतील, तेव्हा कोरं करकरीत दिसायला हवंस."

"मग साहेब वाचतील मला?"

"छे! ते नुसतं बघतात."

एकदा वेणूनं पाय लावून दार ओढलं, फटीतून ते पुस्तक काढलं आणि धूम ठोकली. तेव्हापासून कपाट दार आणखीच आवळून बसलं. भिंतीकडून त्याच्या पाठीला गुदगुल्या होत. वयाची खाज असेल, असं म्हणून त्यानं कुणाला सांगितलं नाही.

तपासणीच्या दिवशी चौघांनी मिळून दार उघडलं. आत वाळवीची माती होती, पुस्तक एकही नव्हतं. वेणूनं घरून ते पळवलेलं पुस्तक आणलं. त्याला चटणी लागली होती, पानांचे कान मुडपले होते, आणि त्यातली माकडं अख्ख्या आळीला तोंडपाठ होती.

कपाटाच्या फळ्या त्या दुपारी शाळेच्या खिचडीखाली जळाल्या.