टिकलीचा झोका आणि पणजीची गोधडी

पाळण्याला दोरी. दोरीला गाठ. गाठीत राहायची टिकली.

टिकली म्हणजे कोळीण. केवढी? आईच्या कपाळावरच्या टिकलीएवढी. बस, तेवढीच.

टिकलीने गाठीवरून एक धागा सोडला होता. खाली, खाली, बाळाच्या नाकाच्या जरा वर. टोकाला टिकली बसायची. खाली बाळ श्वास सोडायचं. फूऽऽ. धागा हलायचा. हुलू हुलू, हुलू हुलू.

तोच टिकलीचा झोका.

बाळ अगदी नवं होतं. इतकं नवं, की त्याला अजून नावसुद्धा नव्हतं. बारसं उद्या. आत्या उद्या कानात नाव सांगणार.

म्हणून आज बायका आल्या. रिकाम्या हाताने कोण येतं? कुणी मोहरीची उशी आणली. कुणी जाडा लोड आणला. कुणी बाहुली आणली. पेटीतून पणजीची गोधडी निघाली. आत्याने सगळं पाळण्यात ठेवलं. पाळणा भरला. आणि बाळ? बाळ मध्ये. खाली. कुणी बघितलंच नाही!

बायका गेल्या. तिन्हीसांज झाली. धुकं आलं. दाराशी येऊन बसलं. धुक्याला पाय नसतात. तरी आलं.

आई दमून झोपली. घर गप्प झालं.

आणि झोका थांबला.

टिकलीने वाट पाहिली. हुलू नाही. हुलू हुलू नाही.

ती सुर्र सुर्र खाली उतरली. बघते तर काय? गोधडीचा काठ बाळाच्या हनुवटीवर चढला होता. बाळाचा वारा त्या काठाला अडत होता.

टिकली म्हणाली,

"गोधडीबाई, गोधडीबाई,
वारा येईना,
झोका हलेना.
तू सर ना!"

ही गोधडी पणजीच्या लुगड्यांची होती. पणजी कधीच गेली. लुगडी राहिली. लुगड्यांची गोधडी झाली. गोधडीतून आवाज आला. जुना आवाज. मऊ आवाज.

"माझं गं ते. माझं बाळ. किती दिवस पेटीत होते मी. आता जवळ घेतलंय. सोडायची नाही."

"अगं, पण ते केवढंसं आहे!"

"उशीने त्याचं डोकं माझ्याकडे ढकललंय. उशी निघाली, तर मी सरेन."

आणि गोधडी... सर्र.
खालच्या ओठावर आली.

टिकली निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. गेली उशीकडे.

"उशीबाई, उशीबाई,
गोधडी सरेना,
वारा येईना,
झोका हलेना.
तू निघ ना!"

उशीच्या पोटात मोहरी. मोहरी कुजबुजली. खस खस, खस खस. एक नाही, दोन नाही, सगळ्या मोहऱ्या एकदम बोलल्या.

"आम्ही डोकं गोल करतो. खस खस. आम्ही डोकं गोल करतो."

"डोकं राहू दे! नाक बघा नाक!"

"लोडाने आम्हाला दाबलंय. लोड हटला, तर आम्ही निघू. खस खस."

आणि गोधडी... सर्र.
वरच्या ओठावर आली.

टिकली निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. गेली लोडाकडे.

"लोडदादा, लोडदादा,
उशी निघेना,
गोधडी सरेना,
वारा येईना,
झोका हलेना.
तू हट ना!"

लोड फुगला. घुम्म.

"मी हटू? मी? बाळ पडलं मग?"

"पाळण्याला कठडा आहे की, ढोल्या! कसं पडेल?"

लोड आणखी फुगला. मग म्हणाला, "घुम्म. माझ्या डोक्यावर बाहुली बसलीय. बाहुली उठली, तर मी हटेन."

आणि गोधडी... सर्र.
नाकाच्या खाली आली.

टिकली निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. गेली बाहुलीकडे.

"बाहुलीताई, बाहुलीताई,
लोड हटेना,
उशी निघेना,
गोधडी सरेना,
वारा येईना,
झोका हलेना.
तू ऊठ ना!"



बाहुलीला बटणांचे डोळे. पापण्या नाहीत. ती बघत होती. नुसती बघत होती.

टिकलीला कसंसंच झालं. तरी ती हलली नाही. "ऐकतेस ना गं?"

मग बाहुलीचं तोंड हललं नाही, पण आवाज आला.

"मला आत्याने बसवलं. आत्या आली, तर मी उठेन."

आणि गोधडी... सर्र.
एक नाकपुडी झाकली.

आता टिकली धावली. तुरू तुरू तुरू तुरू! दोरीवरून खांबावर, खांबावरून भिंतीवर, भिंतीवरून चुलीपाशी.

चुलीपाशी केराआत्या बसली होती. बाळाच्या बाबांची मोठी बहीण. उद्याच्या घुगऱ्यांसाठी हरभरे निवडत होती. टप टप, टप टप.

"आत्याबाई, आत्याबाई,
बाहुली उठेना,
लोड हटेना,
उशी निघेना,
गोधडी सरेना,
वारा येईना,
झोका हलेना.
तू ये ना!"

आत्याने मान वर केली नाही. तिला वाटलं, चुलीतलं लाकूड बोलतंय.

"शूऽऽ! बाळ झोपलंय. काय गुणाचं आहे बाई! हूं नाही की चूं नाही. रडलं, तर येईन."

"आत्याबाई, ते रडत नाही, म्हणूनच तर आलेय!"

टप टप, टप टप. आत्या हरभरे निवडत राहिली.

आणि तिकडे गोधडी... सर्र.
दुसरी नाकपुडी अर्धी झाकली.

टिकली उलटी पळाली. भिंत, खांब, दोरी, गाठ. सुर्र सुर्र खाली. गेली बाळाकडे.

बाळाचे डोळे उघडे होते. मोठे मोठे. काळे काळे.

"बाळा, बाळा,
आत्या येईना,
बाहुली उठेना,
लोड हटेना,
उशी निघेना,
गोधडी सरेना,
वारा येईना,
झोका हलेना.
तू रड ना!"

बाळाने तोंड उघडलं. गोधडी तोंडावर होती. आवाज आलाच नाही.

आता कुणाला सांगायचं? सांगायला कुणी उरलंच नाही.

दाराशी धुकं. पाळण्यात गोधडी. आणि मध्ये टिकली, एवढीशी.

टिकलीने वर पाहिलं. तिचा धागा लोंबत होता. तिचा झोका. दुसरा झोका होता का तिच्याकडे? नव्हता.

कट्ट!

तिने तो तोडला. स्वतःच्या तोंडाने तोडला.

धाग्याचं टोक धरलं. अर्धी नाकपुडी उघडी होती ना? तिथे नेलं. आणि केलं...

गुदू गुदू.

काही नाही.

गुदू गुदू गुदू.

बाळाचं नाक हललं.

गुदू गुदू गुदू गुदू...

आऽऽऽक्छीं!

गोधडी उडाली बोटभर. बाळाचं तोंड मोकळं झालं. आणि बाळ रडलं. कसं रडलं?

ट्यँऽऽऽहँ! ट्यँऽऽऽहँ!

बाळ रडलं, तशी आत्या आली. हरभरे सांडले, गड गड गड! आली ती पाळण्यात वाकली.

"अगं बाई! बाळ कुठाय? या गाठोड्यात बाळ कुठाय?"

आत्या आली, तशी बाहुली उठली. एका हाताने उचलली, कोनाड्यात बसवली.

बाहुली उठली, तसा लोड हटला. घुम्म! पडला जमिनीवर.

लोड हटला, तशी उशी निघाली. खस खस, खस खस.

उशी निघाली, तशी गोधडी...

गोधडी धरून बसली. आत्याने ओढली. गोधडी सुटेना. आत्याने दोन्ही हातांनी धरली.

"सोड! त्याला श्वास हवाय. ऊब द्यायला आई आहे त्याची!"

गोधडी थांबली. मग जुना आवाज आला, अगदी बारीक. "हो गं. खरंच की."

आणि गोधडी सरली.

गोधडी सरली, तसा वारा आला. फूऽऽ. फूऽऽ. फूऽऽ.

आई धडपडत उठली. "वन्सं! काय झालं?"

"काय झालं म्हणून काय विचारतेस, सुगंधे! पाळणा आहे का आठवड्याचा बाजार?"

"वन्सं, बाजार तुम्हीच भरवलात ना?"

आत्याने नाक ओढलं. "भरवला मी. उठवतेही मीच. परत कुणी काही आत टाकलं, तर हात मोडीन."

आईने बाळाला छातीशी धरलं. बाळ गप झालं. प्यायलं. पेंगलं. मग आईने त्याला परत पाळण्यात ठेवलं. कसं ठेवलं?

खाली गादी, सपाट आणि कडक.
बाळ पाठीवर.
अंगात झबलं.
तोंड मोकळं.

आणखी काय? आणखी काही नाही!

लोड गेला आजोबांच्या पाठीला. घुम्म. मोहरी गेली घुगऱ्यांच्या फोडणीला. तड तड तड! बाहुली बसली कोनाड्यात. बाळ मोठं होईपर्यंत बघत बसेल. बसू दे.

आणि गोधडी? ती आईने खांद्यावर घेतली. गार पडलं होतं ना. तिच्या कानाशी कुणीतरी म्हणालं, "तूही माझीच गं."

आईने दचकून मागे पाहिलं. कुणी नव्हतं. पण पाठ मात्र उबदार झाली.

दाराशी बसलेलं धुकं उठलं. गेलं. कुठे गेलं, कुणाला माहीत.

सकाळ झाली. बारसं! केराआत्या केरसुणी घेऊन निघाली. भिंतीवरची कोळिष्टकं, सप्प! खांबावरची कोळिष्टकं, सप्प! मग पाळण्याकडे आली. गाठीला एक धागा लोंबत होता. टिकलीने नवा विणला होता. धाग्याच्या टोकाला टिकली.

आत्याने केरसुणी उगारली.

टिकलीने आठही पाय आवळले.

"थांबा वन्सं," आई म्हणाली. "धागा बघा."

आत्याने बघितलं. धागा हलत होता. हुलू हुलू, हुलू हुलू. खाली बाळ झोपलं होतं. फूऽऽ, फूऽऽ.

आत्याने केरसुणी खाली ठेवली.

"हा राहू दे," ती म्हणाली. "बाळाला लागत नाही. आणि हलतोय."

आत्या वाकली, बाळाच्या कानात नाव सांगितलं. कुर्रर्र! आधी कुणाला ऐकू गेलं? वर बसलेल्या टिकलीला.

टिकलीचा झोका हुलू हुलू,
बाळाचा वारा फुलू फुलू,
आता बोलू हळूहळू,
आणि तुम्ही मिटा डोळे.